दिघीची धूळ आणि मुठीएवढं इंजिन

पुण्याहून आळंदीला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, तर विश्रांतवाडी आणि कळस मागे पडल्यावर जरा सावरून बसा. रस्त्याच्या कडेला लष्कराच्या लांबच लांब भिंती आणि तारांची कुंपणं दिसायला लागतात. एक टेकडी डोकं वर काढते. हीच दिघी. ज्येष्ठ महिन्यात ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते, ती याच रस्त्याने पुण्याला येते. त्या दिवशी इथे मुंगीला शिरायला जागा नसते. एरवी हा रस्ता डंपरचा, बसगाड्यांचा, भोसरीच्या कारखान्यांकडे निघालेल्या दुचाक्यांचा.

इथे मॅगझिन चौक नावाचा एक चौक आहे. आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका चिमुरडीने मला विचारलं होतं, "बाई, तिथे आपलं साप्ताहिक मिळतं का हो?" सगळा वर्ग हसला, पण प्रश्न काही वेडगळ नव्हता. मॅगझिन या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, दारूगोळ्याचं कोठार. लष्कराच्या शेजारी राहणाऱ्या गावात असे शब्द सहज रुळतात.

दिघीत डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची, एक मोठी प्रयोगशाळा आहे. ती १९६२ साली सुरू झाली. नदी-नाल्यांवर झटपट टाकायचे पूल, सैन्यासाठी खास वाहनं असलं अवघड काम तिथे चालतं. संशयास्पद वस्तू उचलणारा, जिने चढणारा 'दक्ष' हा यंत्रमानव इथलाच. माणूस लांब सुरक्षित उभा राहतो आणि हातातल्या यंत्राने दक्षला चालवतो. टेकडीच्या बाजूला आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सैनिकांच्या मुलामुलींसाठी १९९४ साली ते सुरू झालं. या दोन्ही ठिकाणी आपल्याला असंच आत शिरता येत नाही, आणि बाहेरून फोटो काढायचा मोहही आवरायचा, बरं का! पण दूरनियंत्रणावर चालणारं वाहन बघायचंच असेल, तर रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याच्या मोकळ्या प्लॉटवर चला. प्लॉटच्या मालकांनी परवानगी दिलेली आहे. आवाज मात्र दोन गल्ल्या आधीच ऐकू येतो. हजार डास एकदम कानाशी आल्यासारखा!

तिथे पाच-सात जण जमतात. कुणी आयटीआयला शिकणारा, कुणी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवणारा, कुणी सहावी-सातवीतली मुलं. आणि एक सुभेदार काका. सैन्यात गाड्यांच्या दुरुस्तीत त्यांची उभी हयात गेली. जमिनीवर हातभर लांबीच्या मोटारी. त्यांना खरं इंजिन, खरा सायलेन्सर, खरा कार्बोरेटर.

"विमानं का नाही उडवत?" हा माझा पहिला प्रश्न होता. काकांनी नुसतं बोट वर केलं. लोहगावचा विमानतळ इथून जवळ आणि तो हवाई दलाचा. शिवाय चारी बाजूंनी संरक्षण खात्याच्या संस्था. इथल्या आकाशात परवानगीशिवाय पतंगाएवढं विमानसुद्धा उडवायचं नाही. म्हणून मोटारी. आणि मोटारी म्हटल्या, की आला धुळीशी सामना. विमान एकदा वर गेलं की स्वच्छ हवेत फिरतं, म्हणून बरेच विमानवाले छोट्या इंजिनाला फिल्टर लावतही नाहीत; फक्त जमिनीवर सुरू करताना खाली ताडपत्री अंथरतात. पाण्यात पळणाऱ्या होडीला तर धूळ कुठून भेटणार? मोटारीचं मात्र सगळं आयुष्य धुळीत. पुढच्या मोटारीने उडवलेला लोट मागच्या मोटारीच्या नाकातोंडात!

आणि दिघीची धूळ म्हणजे काय साधीसुधी आहे? १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आलं. त्यानंतर शेतं गेली, इमारती आल्या. पाया खणायचा, मुरूम टाकायचा, वाळू-खडीचे ढीग, सिमेंटचा भुरका, हे सगळं कुठे ना कुठे चालूच असतं. मुरूम म्हणजे झिजलेला, भुसभुशीत झालेला काळा दगड. हा काळा दगड, बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेल्या लाव्हारसातून तयार झाला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यानेच व्यापलेला आहे. तेव्हा दिघीच्या मैदानात तुम्हाला शिंक आली, तर ती साडेसहा कोटी वर्षांच्या म्हाताऱ्याने काढलेली खोडी समजा!

आता ते इंजिन हातात घेऊन बघा. गरम नसलेलं, अर्थात. मुठीत मावतं. त्याची मोजणी होते ३.५ सीसी. म्हणजे पिस्टन खालपासून वरपर्यंत गेला की ३.५ घन सेंटिमीटर जागा मोकळी होते, साधारण पाऊण चमचा. घरच्या मोटारसायकलचं इंजिन १०० सीसीचं किंवा त्याहून मोठं असतं. त्यापुढे हे म्हणजे हत्तीपुढे उंदीर. पण या उंदराची चपळाई पाहा. मोटारसायकलचं इंजिन मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतं. हे पठ्ठं पूर्ण रेसवर तीस हजारांच्या पुढे जातं!

वही-पेन्सिल घ्या. हे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एकदा हवा आत ओढतं. दर वेळी सगळी जागा हवेने भरते असं धरू.

३.५ गुणिले ३०,००० = १,०५,००० घन सेंटिमीटर. म्हणजे मिनिटाला १०५ लीटर हवा.

मोटारसायकल फोर-स्ट्रोक, ती दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेते. १०० सीसी आणि ५,००० फेरे धरले, तर १०० गुणिले २,५०० = २,५०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २५० लीटर.

पाहिलंत? आकार पंचविसाव्या भागापेक्षाही लहान नि हवा जवळजवळ निम्मी! तुम्ही शांत बसून हे वाचताय, तेव्हा मिनिटाला साधारण सहा लीटर हवा आत घेताय. म्हणजे हे मुठीएवढं इंजिन सतरा-अठरा मुलांची हवा एकटंच ओढतं. मैदानात कायम पूर्ण रेस नसते, वळणावर कमी होते, हे खरं. तरी पेट्रोलऐवजी जे इंधन त्यात घालतात, ते जेमतेम ७५ मिलिलीटर, अर्धा पेलासुद्धा नाही. तेवढ्यात गाडी आठ-दहा मिनिटं पळते, आणि तेवढ्या वेळात काहीशे लीटर हवा फस्त करते. इंधन आपण गाळून, जपून, पैसे मोजून घालतो. हवा फुकट म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. सगळी गोम इथेच आहे.

इंधनाची थोडी गंमत सांगते. मिथेनॉल नावाचा अल्कोहोल, थोडं नायट्रोमिथेन, आणि तेल. बऱ्याच इंधनांत हे तेल असतं चक्क एरंडेल! हो, आजीच्या बाटलीतलं, ज्याचं नाव काढलं की तोंड वाकडं होतं तेच. जगात सगळ्यात जास्त एरंडी आपल्या देशात पिकते, त्यातही गुजरातेत. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या गोल फिरणाऱ्या इंजिनांतही एरंडेल घालत असत. ते जळून वैमानिकांच्या नाकातोंडात जाई आणि बिचाऱ्यांचं पोट बिघडे, असं सांगतात. या इंजिनाला ठिणगीचा प्लगही नसतो. प्लॅटिनमच्या तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरुवातीला बॅटरीने ते लाल करायचं. मग मिथेनॉलच्या संगतीने ते आपणहून तापलेलं राहतं. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी हा ग्लो प्लग बाजारात आणला, आणि जड बॅटरी-कॉइलचं लोढणं छोट्या इंजिनांच्या गळ्यातून सुटलं.

असो. धुळीकडे येऊ.

मोटारसायकलच्या पिस्टनला कड्या असतात, रिंगा. त्या सिलिंडरला घासून फट बुजवतात. झिजल्या तर बदलता येतात. आपल्या छोट्या इंजिनात बहुधा रिंगच नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि त्याभोवती पितळेची, आतून क्रोम चढवलेली नळी. तिला स्लीव्ह म्हणतात. ही नळी वरच्या टोकाला किंचित अरुंद असते. थंड इंजिनाचं चाक हाताने फिरवलं, तर पिस्टन वर पोचताना अडकल्यासारखा होतो. इंजिन तापलं, की पितळ जास्त फुगतं आणि दोघांची जोडी अगदी नेमकी बसते. ही जोडी कारखान्यात एकमेकांना जुळवूनच दिलेली असते. तिच्यातली फट केसाच्या जाडीच्या कितीतरी पट लहान.

त्या फटीत मुरमाचा एक कण गेला तर? ॲल्युमिनियम आणि पितळ हे मऊ धातू. खनिजांचा कठीणपणा मोजायची एक पट्टी असते, मोह्सची. तिच्यावर हे दोन्ही धातू तीनच्या आसपास येतात आणि काळ्या दगडातली खनिजं पाच-सहाच्या घरात. म्हणजे कण पिस्टनमध्ये रुततो आणि मिनिटाला हजारो वेळा स्लीव्हवर ओरखडत राहतो. सुताराचा पॉलिशपेपर म्हणजे तरी काय असतो? कागदावर चिकटवलेली धूळच!

आणखी एक खोच आहे. टू-स्ट्रोक इंजिनात हवा थेट सिलिंडरमध्ये जात नाही. कार्बोरेटरमधून ती पोकळ क्रँकशाफ्टमध्ये, तिथून खालच्या पोटात, म्हणजे क्रँककेसमध्ये, आणि मग वर. त्यामुळे धूळ आधी बेअरिंगला भेटते, मग कनेक्टिंग रॉडला, आणि सगळ्यांची विचारपूस करून शेवटी पिस्टनकडे येते. कुणालाही सोडत नाही. धूळधाण म्हणतात ती ही.

त्या मैदानावर सहावीतला एक मुलगा येतो. त्याचा दादा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ कामगार आहे. दादाने स्टायपेंडमधून साठवून त्याला एक जुनी मोटार घेऊन दिली. पोरगा इतका खूश, की गाडी उशाशी घेऊन झोपायचा. पण तीन-चार रविवार झाले आणि गाडी रुसली. थंड असताना सुरू व्हायची. तापली की बंद. चाक हाताने फिरवलं तर गुळगुळीत फिरायचं, अडकणं-बिडकणं काही नाही. मुलांना वाटलं, वा, इंजिन मोकळं झालं! काकांचा चेहरा मात्र उतरला. "कॉम्प्रेशन गेलं याचं," ते म्हणाले.

"पण काका, फिल्टर आहे ना! मी दर रविवारी घरी गेल्यावर धुतो," पोरगा रडकुंडीला आला.

"आज धुतलास?"

"नाही, आत्ता घरी जाऊन धुणार."

काकांनी फिल्टर काढून त्याच्या हातात दिला. "बघ बरं. आज तासभर गाडी धुळीत लोळली. तुझे मोजे बघ, केस बघ. आणि हा स्पंज कसा दिसतोय?"

स्पंज जवळजवळ स्वच्छ होता.

"फिल्टर स्वच्छ आहे हीच तर काळजीची गोष्ट आहे, बाळा. धूळ इथे थांबली नाही. मग गेली कुठे?"

काकांनी कार्बोरेटरवरची रबरी मान उतरवली. फिल्टर आणि कार्बोरेटर यांना जोडणारा हा तुकडा, कोपरासारखा वाकलेला. त्याच्या आतून बोट फिरवलं आणि बोट पुढे केलं. तांबूस, बारीक पावडर, पिठासारखी. मग मान थोडी ताणून उन्हात धरली. पट्टीच्या बरोबर खाली नखाएवढी चीर होती. नुसती ठेवली तर दिसतही नव्हती. इंजिनाने ओढ घेतली की ती चीर उघडायची. स्पंजमधून वळणावळणाने यायचं सोडून हवा त्या सोप्या वाटेने आत, नि बरोबर धूळ.

मुलगा काहीच बोलला नाही. दादाच्या किती महिन्यांच्या पैशांचा तो पिस्टन होता, हे त्याला पाठ होतं.

मला इथे एक गोष्ट पटली, ती तुम्हालाही सांगते. फिल्टर लावला आहे, एवढं पुरेसं नसतं. हवेला आत जायला तीच एक वाट आहे ना, हे बघावं लागतं. बंगल्याला भक्कम दार लावलं आणि मागची खिडकी उघडी ठेवली, तर चोर दाराशी कशाला झगडेल? म्हणून ही मंडळी रबराच्या मानेखाली थोडं सिलिकॉन सील लावतात आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी, केबल टाय, आवळतात. दर रविवारी मान वाकवून, ताणून चिरा शोधतात. उन्हाने, तेलाने रबर कडक होतं. रबराचा तुकडा स्वस्त, पिस्टन महाग.

आता तो स्पंज धूळ अडवतो कसा? तुम्ही म्हणाल, चाळणीसारखा. मलाही मुलांनी हेच उत्तर दिलं होतं. पण स्पंजची भोकं डोळ्यांना दिसतात आणि धुळीचा कण दिसत नाही. चाळणीच्या भोकापेक्षा दाणा लहान असेल, तर तो खाली पडायलाच हवा! मग?

एसटी घाटात वळते तेव्हा काय होतं, आठवा. गाडी वळते, पण तुमचं अंग सरळच जायला बघतं आणि तुम्ही शेजाऱ्याच्या अंगावर कलंडता. स्पंजच्या आत हवेला सारखी वळणं घ्यावी लागतात. हवा हलकी, ती सुळकन वळते. कण तिच्यापेक्षा जड, त्याला वळता येत नाही. तो सरळ जाऊन स्पंजच्या धाग्यावर आपटतो. धागा कोरडा असेल तर उसळून पुन्हा वाटेला लागतो. धाग्यावर चिकट तेल असेल, तर तिथेच अडकतो. तेव्हा खरं काम स्पंजचं निम्मं आणि तेलाचं निम्मं. कोरडा स्पंज लावून गाडी पळवणं म्हणजे गोंद नसलेल्या कागदाने माश्या पकडणं!

चांगल्या फिल्टरला दोन थर असतात. बाहेरचा विरळ, मोठ्या भोकांचा. तो जाडी धूळ थोपवतो. आतला दाट, तो बारीक धुळीसाठी. काही जण वरून पायमोज्याच्या पातळ नायलॉनचा तुकडाही चढवतात. जुन्या मोज्याला इतकी मानाची जागा दुसरीकडे कुठे मिळत नसेल. पण गादीतला किंवा भांडी घासायचा स्पंज कापून लावायचा नाही. त्यातली भोकं आरपार नसतात, हवा कोंडते. शिवाय इंधन लागून काही स्पंज विरघळून भुगा होतात आणि तो भुगाच इंजिन गिळतं.

हवा कोंडली तरी इंजिनाचे हाल. हवा कमी, इंधन तेवढंच. मग इंजिन धुरकटतं, सुस्तावतं. मुलं कार्बोरेटरचा स्क्रू पिळून इंधन कमी करतात आणि खूश होतात. पुढच्या रविवारी फिल्टर धुतला, की हवा भरपूर, इंधन अपुरं! तेलही इंधनातूनच येत असल्याने आता तेलही कमी पडतं आणि इंजिन भाजून निघतं. म्हणून काकांचा शिरस्ता असा, की आधी फिल्टर बघायचा, मगच स्क्रूला हात लावायचा.

ही धुळीची कटकट लहान इंजिनांचीच आहे असं समजू नका हं! दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांची स्पिटफायर विमानं लढत होती. तिथल्या धावपट्ट्या म्हणजे वाळूच. इंजिनं भराभर झिजू नयेत म्हणून त्यांच्या नाकाखाली वोक्स कंपनीचा मोठा फिल्टर बसवला. दिसायला हनुवटी सुजल्यासारखा! इंजिन वाचलं, पण वाऱ्याला अडथळा होऊन विमानाचा वेग घटला, आणि लढाईत वेग म्हणजे जीव. मग इजिप्तमधल्या अबूकीर इथल्या दुरुस्ती केंद्रातल्या लोकांनी लहान, सुटसुटीत फिल्टर बनवला. तो 'अबूकीर फिल्टर' याच नावाने ओळखला गेला. फिल्टर मोठा केला तर वेग जातो आणि काढला तर इंजिन जातं. दिघीच्या मैदानावरही मुलं हाच हिशोब करत असतात, फक्त रविवारपुरता.

आता धुण्याची रीत. ही मी काकांच्या मागे उभी राहून पाहिली. गाडी घरी आली, की फिल्टर ओढून काढायचा नाही. आधी बाहेरून ब्रशने सगळं झाडायचं, विशेषतः मानेच्या भोवती, नाहीतर काढताना तिथलीच धूळ कार्बोरेटरच्या उघड्या तोंडात पडते. इतके दिवस बाहेर थोपवलेला चोर आपणच हाताला धरून आत नेल्यासारखं! फिल्टर काढला, की कार्बोरेटरच्या तोंडावर लगेच स्वच्छ फडकं. मग स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात दाबून-दाबून धुवायचा. पिळायचा नाही, फाटतो. पाणी नितळ येईपर्यंत धुतला की सावलीत पूर्ण वाळवायचा. वाळल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिल्टरचं खास चिकट तेल टाकायचं आणि कणीक मळतो तसं पिशवीवरून मळायचं, रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत. शेवटी जास्तीचं तेल दाबून काढायचं. तेल ठिबकत असेल, तर तेही इंजिन ओढणार.

वाळायला वेळ लागतो म्हणून प्रत्येकाकडे दोन-तीन स्पंज तयार असतात. काकांच्या डब्यात मोजून पाच होते, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, जेवणाच्या डब्यातल्या पोळ्यांसारखे.

हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? चिकट थर, त्यावर अडकणारी धूळ, वळणावळणाची वाट. अहो, हे तर आपलं नाक! पुढे जाडी धूळ थोपवणारे केस, आत वाकडीतिकडी वाट, आणि भिंतींवर चिकट शेंबूड. शेंबूड म्हटलं की वर्गात 'ई ऽऽ' होतं. पण तेच आपलं फिल्टरचं तेल. तोंड उघडं ठेवून मैदानात धावणं म्हणजे त्या मुलाच्या रबरी मानेला पडलेली चीर. मी शाळेत येते तो रस्ता वर्षभर खणलेला होता, तेव्हा पोरं रुमाल बांधून यायची. रुमाल चेहऱ्याला नीट टेकला नाही, तर कडेने हवा जाते, हे त्यांना आता सांगावं लागत नाही.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगते. पोस्टकार्डाएवढे पांढऱ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या. एकावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्ही गॅलरीत दोरीला उभे टांगा. दुसऱ्या दिवशी भिंगातून बघा. रस्त्याकडची गॅलरी आणि मागची गॅलरी अशी तुलना केलीत, तर आणखी मजा. कण मोजायचे असतील, तर पेन्सिलीने चौकटी आधीच आखून ठेवा.

आईबाबांसाठी दोन शब्द. हे इंधन खेळण्यातलं नाही. मिथेनॉल विषारी आहे. ते तोंडाने नळी ओढून काढायचं नाही, हाताला लागलं तर धुवायचं, आणि डोळ्यांना तर अजिबात लागू द्यायचं नाही. त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही, म्हणून 'आग नाही' असं समजून हात पुढे करू नये. बाटली कुलपात ठेवावी. मुलांनी मोठ्या माणसाशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, हा या मैदानाचा पहिला नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला काका त्या दिवसापुरती सुट्टी देतात. कानांत बोळे घालायला विसरू नका. आणि हो, तुमच्या दुचाकीचा एअर फिल्टर शेवटचा कधी उघडला होता? एप्रिल २०२० पासूनच्या नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास गेला, इंधन आता फवाऱ्याने जातं. पण हवा अजून फिल्टरमधूनच जाते. आकुर्डीत बनलेली आजोबांची टू-स्ट्रोक चेतक हवा ओढायची. आजची विजेची चेतक ओढत नाही.

मैदानावरही विजेच्या मोटारी येऊ लागल्या आहेत. ना धूर, ना एरंडेलाचा वास, ना फिल्टर. मुलं त्यांना हसतात, आणि त्या मुलांच्या पुढे निघून जातात! सहावीतल्या त्या पोराला मात्र इंजिनच हवं आहे. दादाने आणि त्याने मिळून नवा पिस्टन-स्लीव्हचा जोड आणला. पहिल्या काही टाक्या काकांनी त्याला गाडी अगदी हळू, भरपूर इंधनावर चालवायला लावली, नवी जोडी एकमेकांना सरावेपर्यंत. रबराची मान नवी, खाली सील, वर दोन केबल टाय. एक पुरे होता; पण त्याला कोण सांगणार?

तुम्हाला हे बघायचं असेल, तर पावसाच्या आधी या. पालखी जाते त्या सुमारास पाऊस सुरू झाला, की धूळ बसते आणि मैदानाचा चिखल होतो. चिखलातही ही मंडळी गाडी काढतात, पण तेव्हा स्पंज भिजतो, भिजला की हवा कोंडते, आणि इंजिन घशात घास अडकल्यासारखं गपकन थांबतं. मग काकांचा डबा उघडतो आणि तिसऱ्या पिशवीतला कोरडा स्पंज बाहेर येतो.